दाजींचा प्रकाश आणि माझा होकार

प्रकाश लाट आहे की कण, या प्रश्नाशी खरं तर माझं काही देणंघेणं नाही. मी डिप्लोमा केलेला माणूस. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पंपात बसणाऱ्या सीलच्या चकत्या नीट सपाट घासल्या गेल्यात की नाही, हे बघायचं माझं काम. पण माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार या एका प्रश्नात गेले, आणि ज्या गोष्टीची मला लाज वाटते तीही याच प्रश्नापायी घडली. बोलून दाखवायला मला फार उशीर झाला. आता बोललोच आहे, तर लिहूनही ठेवतो.

लातूरकडून मी चिंचवडला आलो तो आक्काच्या घरी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. स्टेशनजवळ त्यांच्या दोन खोल्या होत्या, पुढे अरुंद गॅलरी. दाजी एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मला भोसरीच्या एका शेडमध्ये काम लागलं होतं, आणि राहायची सोय होईपर्यंत पुढच्या खोलीत माझी गादी पडायची. ती सोय व्हायला बरीच वर्षं लागली.

पहिल्याच दिवशी आक्कानं मला स्वयंपाकघरात बोलावून दम दिला. "हे बघ, त्यांच्या तोंडाला लागायचं न्हाई. जावई हायेत ते आपले."

मला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. आमचे वडील सगळ्या गावाशी भांडायचे, पण दाजींपुढे त्यांचा आवाजच बदलायचा. दाजी एकदा गावी आले असताना ज्वारीच्या पिकाबद्दल काहीतरी चुकीचं बोलले. जन्मभर ज्वारी पिकवलेला आमचा बाप म्हणाला, "बरोबर हाय तुमचं." जावयाला उलटून बोलायचं नसतं, हे मी त्या दिवशीच शिकलो होतो.

दाजींना मात्र उलटून बोलणारा माणूस हवा होता. हे मला कळलं नाही. कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी पोहे झाले की दाजी म्हणायचे, "काय मेहुणे, काजळी धरायची का?" मग रॉकेलची चिमणी पेटायची. तिच्या ज्योतीवर काचेची पट्टी धरायची. ती काळी कुळकुळीत झाली की दाढीची दोन पाती एकमेकांना चिकटवून एकच रेघ ओढायची. काजळीत अगदी शेजारी शेजारी दोन बारीक फटी उमटायच्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला सरळ तारेचा पारदर्शक बल्ब लावलेला असायचा. खिडक्या चादरींनी झाकायच्या आणि ती पट्टी डोळ्याला लावायची.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा काय दिसलं, ते अजून जसंच्या तसं आठवतं. बल्बच्या तारेच्या दोन्ही बाजूंना पट्टे. उजेड, अंधार, परत उजेड, परत अंधार. कंगव्याच्या दातांसारखे.

"दिसले?" दाजींनी विचारलं.

"दिसले."

"आता विचार कर. दोन फटी, म्हणजे दोन उजेड. एकावर एक पडले तर जास्त उजेड व्हायला पाहिजे. मग हा मधला अंधार कुठून आला?"

मी परत पट्टी डोळ्याला लावली.

"उजेडात उजेड मिसळून अंधार झाला, मेहुणे. कणांना हे जमायचं नाही. दोन मुठी वाळू एका जागी टाकली तर वाळू नाहीशी होते का? हे फक्त लाटेला जमतं. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की सगळं सपाट."

आतून आक्काचा आवाज आला. "भिंत काळी करायलात दोघं. चुना कोण देणार, तुमची लाट?"

"लाटच देईल," दाजी म्हणाले. "तुझा भाऊ आलाय ना तिच्या मदतीला."

तर पट्टे होते, म्हणून प्रकाश लाट. पण गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. दाजी सांगायचे, हाच उजेड मंद मंद करत नेला आणि डोळ्याच्या जागी एखादं नाजूक यंत्र ठेवलं, तर पट्टे सलग उमटत नाहीत. एक ठिपका इथं पडतो, मग एक तिथं, टिकली लावावी तसा. असे खूप ठिपके पडले की त्यांच्या गर्दीतून पट्टे तयार होतात. म्हणजे येताना लाट आणि पडताना कण. पुस्तकं सांगतात की प्रकाश दोन्ही आहे, तुम्ही जसं बघाल तसा दिसेल.

दाजींना हे उत्तर मुळीच पटायचं नाही. "हे उत्तर आहे का? ही तडजोड झाली. दोन भाऊ भांडले, घराच्या मधोमध भिंत घातली, आणि आता सगळं गुण्यागोविंदानं चाललंय म्हणायचं."

त्यांचं स्वतःचं एक म्हणणं होतं. ते त्यांनी मला एका सकाळी नळाला पाणी आलेलं असताना समजावून सांगितलं. आक्का मोरीत हंडे भरत होती. दाजींनी दारातूनच तिला विचारलं, "किती पाणी आलं आज?"

"तीनच हंडे. फोर्सच न्हाई."

दाजी माझ्याकडे वळले. "ऐकलंस? तीन हंडे आले म्हणते. पाइपातून हंडे आले का?"

"नाही."

"पाइपातून धार आली. हंडे हिच्याकडे आहेत. तसंच आहे हे. प्रकाश धारेनंच येतो, सलग, लाटेसारखा. पण तो घेणारे जे अणू आहेत ना, त्यांना हंडा पूर्ण भरल्याशिवाय उचलताच येत नाही. हंडा भरला की ठिपका पडला. कण प्रकाशात नाही, मेहुणे. कण आपल्या घेण्यात आहे."

मला ते इतकं आवडलं की मी दिवसभर त्यावर विचार करत राहिलो. शेडमध्ये लेथवर उभा असतानाही डोक्यात हंडे. पुढच्या रविवारी मी विचारलं, "दाजी, पण उजेड अगदीच मंद असला, तर पहिला हंडा भरायला वेळ लागायला पाहिजे ना? आमच्या पुस्तकात तर लिहिलं होतं की ठिपका लगेच पडू शकतो. थांबावं लागत नाही."

दाजी उठून उभे राहिले. मला वाटलं, चिडले. त्यांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की हातातला चहा सांडला. "शाब्बास! इथंच तर खरी मेख आहे!" मग आठवडाभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. शनिवारी मी कामावरून येतो तोच ते गॅलरीतून ओरडले, "सापडलं! काही हंडे आधीच गळ्यापर्यंत भरलेले असतात! त्यांना थेंबभर पुरतो!"

मी दाद दिली. पण त्याआधी, ज्या दिवशी मी तो प्रश्न विचारला होता त्याच दिवशी, आक्कानं मला परत बाजूला घेतलं होतं. "किती उलटून बोलायलास रे त्यांना. दिवसभर येरझाऱ्या घालायलेत. जेवले बी न्हाईत नीट."

मला वाईट वाटलं. आपण यांच्या घरात राहतो, यांचं खातो, आणि यांचीच झोप उडवतो. तेव्हापासून मी एक युक्ती केली. ज्याचं उत्तर दाजींकडे तयार असेल असाच प्रश्न विचारायचा. बाकी मान हलवायची. "बरोबर आहे." "पटतंय." "असंच असणार." माझ्या वडिलांचाच तो आवाज होता, फक्त शहरातला.

तरी ते दिवस खोटे नव्हते, हे मला सांगायचंय. शिफ्ट सुटल्यावर कंपन्यांच्या बस रस्त्याकडेला माणसं उतरवत जायच्या, आणि सोडियमचे पिवळे दिवे लागले की प्रत्येकाचा युनिफॉर्म एकाच रंगाचा दिसायचा. दाजी संध्याकाळी मला फिरायला न्यायचे आणि म्हणायचे, "बघ, हा दिवा एकच रंग देतो. हा रंग म्हणजे एका मापाची लाट. बाकी रंग याच्याकडे नाहीतच, म्हणून तुझा निळा शर्टही मळकट दिसतोय." आक्का म्हणायची, "तो मळकाच हाय." आता ते दिवे गेले. पांढरे एलईडी आले. त्यांच्यात सगळं स्वच्छ दिसतं, पण मला त्या पिवळ्या उजेडाची अजून आठवण येते. त्या उजेडात चालताना मला पहिल्यांदा वाटलं होतं की आपणही विचार करणाऱ्या माणसांपैकी आहोत.

पुढे माझं लग्न झालं. तळेगावला फ्लॅट घेतला. नोकरी चाकणला लागली. दाजी आणि आक्का मोशीत एका मोठ्या सोसायटीत राहायला गेले. काजळीची काच मागे पडली, कारण नव्या भिंतींना आक्का जपायची. पण रविवार चालू राहिले. मी स्कूटरवर जायचो. दाजी बोलायचे, मी मान हलवायचो.

दाजींना एकच मुलगी. माझी ही भाची फिजिक्सच शिकली, पुण्यात एम.एस्सी. केलं. एकदा दिवाळीत ती शंकरपाळे तळत होती आणि मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. बाहेर दाजी कुणाला तरी हंड्यांची गोष्ट सांगत होते. ती हळूच म्हणाली, "मामा, बाबांचं हे टिकत नाही रे."

"का?"

तिनं झारा बाजूला ठेवला. "बघ. एक अणू एका वेळी एकच हंडाभर प्रकाश सोडतो. बरोबर? आता असा एकटा अणू घ्यायचा आणि त्याचा प्रकाश अर्ध्या आरशावर, म्हणजे अगदी पातळ मुलामा दिलेल्या काचेवर, पाडायचा. अर्धा आरपार जातो, अर्धा वळतो. दोन्हीकडे एकेक यंत्र, प्रकाश पकडला की वाजणारं. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हीकडे अर्धा अर्धा हंडा गेला. आणि दोन्हीकडे काही हंडे आधीच गळ्यापर्यंत भरलेले आहेत, असंही बाबाच म्हणतात. मग कधी कधी दोन्ही यंत्रं एकाच क्षणी वाजायला हवीत ना?"

"हवीत."

"नाही वाजत. प्रयोग झालेत. वाजलं तर एकीकडेच वाजतं. अर्धा हंडा कुणाला मिळतच नाही. साध्या दिव्याचा उजेड नुसता मंद करून हे दिसत नाही, म्हणून जुन्या लोकांना कळलं नव्हतं. बाबांची पुस्तकं जुनी आहेत."

मला ते लगेच कळलं. रोज माल पास-नापास करणाऱ्या माणसाला असं कळतं. ही एक चकती नापास झाली की सगळा लॉट गेला.

"तू सांग ना त्यांना," मी म्हणालो.

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरगी शिकली आणि शहाणी झाली. तुझं ऐकतात ते. तुझ्याशीच तर बोलतात. सांगशील?"

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली. फोनवर एकदा-दोनदा तिनं विचारलं, मी म्हणालो, "बघतो, योग्य वेळ बघून." मग तिनं विचारणं सोडलं. कितीतरी रविवार मी दाजींसमोर बसून "पटतंय" म्हणत राहिलो. पूर्वी पटायचंही. आता पटत नव्हतं, पण मान त्याच वेगानं हलत होती.

मग दाजी निवृत्त झाले. कॉलेजनं निरोपाच्या दिवशी त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय त्यांनीच निवडला, प्रकाश. आयुष्यभर जे घरात बोलले ते पहिल्यांदा चारचौघांत बोलणार होते. आदल्या रविवारी मी ठरवून गेलो, आज सांगायचंच. दाजी इस्त्री करत होते. एका हातात इस्त्री, आणि समोरच्या खुर्चीला उद्देशून भाषणाची तालीम चाललेली. "मित्रहो, पाइपातून हंडे येत नाहीत..." मला बघून थांबले. लहान मुलासारखा चेहरा झाला होता.

"खरं सांग. कसं वाटतंय?"

हा प्रश्न मला सरळ विचारला होता. यापेक्षा सोपी संधी कुणी कुणाला देत नाही.

"भारी, दाजी," मी म्हणालो.

व्याख्यानाला हॉल भरला होता. मी आक्काशेजारी पहिल्या रांगेत. दाजी छान बोलले. हंड्यांवर पोरं हसली, गळ्यापर्यंत भरलेल्या हंड्यांवर टाळ्या पडल्या. शेवटी नव्यानं लागलेली एक तरुण शिक्षिका उठली. अगदी अदबीनं बोलली. "सर, खूप आवडलं. एकच शंका आहे. एकट्या अणूचा प्रकाश अर्ध्या आरशावर पाडला, तर दोन्ही यंत्रं एकदम का वाजत नाहीत?" आणि तिनं तो प्रयोग समजावून सांगितला. भाचीनं सांगितला होता, तसाच.

दाजी खडू हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं अवघड प्रश्न आला की ते माझ्याकडेच बघायचे. मी खाली मान घातली.

"हा प्रयोग मी वाचलेला नाही," दाजी म्हणाले. "तुम्ही सांगता तसं असेल, तर माझं म्हणणं चुकलं." थोडं थांबून म्हणाले, "तसंच असणार. तुम्ही नीट सांगितलंत." मग शाल, नारळ, फोटो. ती शिक्षिका बिचारी ओशाळली होती. दाजींनीच तिला जवळ बोलावून फोटोत उभं केलं.

त्यानंतर दाजी प्रकाशाबद्दल बोलेनासे झाले. मी रविवारी जायचो. ते चाकण रोडच्या ट्रॅफिकबद्दल बोलायचे, सोसायटीत टँकरवरून चाललेल्या भांडणांबद्दल बोलायचे, आणि चहा झाला की पेपर उघडायचे. रागावलेले नव्हते, नीट वागत होते. आणि तेच मला सोसेना.

शेवटी मी त्यांना आमच्या कंपनीत घेऊन गेलो. पूर्वी ते कितीदा म्हणाले होते, तुझ्याकडचे पट्टे दाखव. गेटपास काढला, त्यांना सेफ्टी शूज घालायला लावले. आमच्या तपासणीच्या खोलीत अजून सोडियमचा दिवा आहे. त्याखाली घासलेली चकती ठेवतात आणि तिच्यावर एक अगदी सपाट काच. काचेतून पिवळे-काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ असले तर माल ओके, वाकडे असले तर परत घासायला.

दाजी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग तिथल्या ऑपरेटरला त्यांनी विचारलं, "हे पट्टे कशामुळे येतात, माहीत आहे का तुम्हाला?"

"काच ठेवली की येत्यात, सर," तो म्हणाला.

"आणि नाही ठेवली तर?"

"तर सुपरवायझर येतो."

दाजी खळखळून हसले. कित्येक महिन्यांनी. पण परत माझ्या नव्या कारमध्ये बसल्यावर त्यांनी पेपर उघडला, आणि चाकणच्या चौकाच्या अलीकडे आम्ही नेहमीच्या जाममध्ये अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. एसीचा आवाज तेवढा. माझ्या तोंडून निघून गेलं.

"दाजी, ते आरशाचं मला आधीच माहीत होतं."

"कुठल्या आरशाचं?"

"तुमच्या भाषणात त्या मॅडमनी विचारलं ते. मला माहीत होतं. पोरीनं सांगितलं होतं. तुम्हाला सांग म्हणाली होती. मी सांगितलं नाही."

ते माझ्याकडे वळले. "कधी सांगितलं तिनं?"

"भाषणाच्या खूप आधी. दोन-तीन वर्षं."

"म्हणजे माझ्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत," दाजी म्हणाले. त्यांनी दार उघडलं आणि ते खाली उतरले.

"दाजी! कुठं चाललात?"

ते चालायला लागले. दोन कंटेनरच्या मधून एक मोटरसायकलवाला येत होता, त्यानं करकचून ब्रेक मारला. "ओ काका, जिवावर उठलात का राव!" दाजींनी मागे वळून बघितलं नाही. माझ्या मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत ओरडायला लागला, "भाऊ, घ्या की पुढं! सासरे गेले तर जाऊ द्या!" मी हातभर पुढे सरकायचो, थांबायचो. दाजी चालत माझ्या कितीतरी पुढे गेले. त्यांचा पांढरा शर्ट ट्रकांच्या आडून दिसायचा, नाहीसा व्हायचा.

चौक ओलांडल्यावर ते एका चहाच्या टपरीवर बसलेले सापडले. समोर ग्लास होता, प्यायले नव्हते. मी गाडी कडेला लावली आणि शेजारी जाऊन बसलो.

"त्या दिवशी तू खाली मान घातलीस," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटली. इतके महिने मी तेच धरून बसलोय. म्हटलं, मेहुण्यासमोर शोभा झाली."

ते असं समजत असतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"मला माझी लाज वाटली होती," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा मान..."

"मान?" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की टपरीवाल्यानं वळून बघितलं. "मानाचं मी काय करू रे? लग्नात टॉवेल-टोपी घेतली, तेवढा मान पुरे झाला मला. आयुष्यभर वर्गात पोरांना सांगितलं, माझं चुकलं तर हात वर करा. आणि घरातला माणूस..." त्यांनी ग्लास सरकवला. "ते सगळे रविवार? ऐकत होतास, की नुसता बसत होतास?"

"आधी ऐकत होतो. काजळी धरायचो तेव्हाचं सगळं खरं आहे."

"आणि नंतर?"

"नंतर नुसता येत होतो."

"कशाला?"

"तुमच्याकडे यायला."

ते उठले, चहाचे पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसले. उरलेल्या रस्त्यात एकदाच म्हणाले, "मला नुसता बसणारा माणूस नको होता. तसले कॉलेजात भरपूर होते."

पुढचे काही रविवार मी गेलो नाही. बोलावणंही आलं नाही. आक्काचा फोन आला. "काय बोललास रे त्यांना? तुझं नाव काढलं की उठून जायलेत." मी तिला सगळं सांगितलं. तूच तर पहिल्या दिवशी बजावलं होतंस, त्यांच्या तोंडाला लागायचं नाही, हेही सांगितलं.

आक्का म्हणाली, "अरे, ते मी घरातल्या बोलण्याचं म्हणले होते. भाजीत मीठ न्हाई, उशीर झाला, असल्याचं. तुमच्या त्या दिव्याच्या बोलण्याचं मला काय कळतंय? त्यात भांडला असतास तर मला बरंच वाटलं असतं की. ते भांडले की जरा माणसात यायचे."

"तू म्हणाली होतीस, ते जेवले नाहीत नीट म्हणून."

"एक दिवस जेवले न्हाईत तर काय मरतेत का?"

मी फोन ठेवला. आयुष्यभर जो नियम पाळला, तो कुणी घातलेलाच नव्हता.

मग एका रविवारी सकाळी दाजींचाच फोन आला. "नदीवर ये. पुलाखाली. आणि आज तोंड घेऊन ये."

मोशीच्या पुलाखाली इंद्रायणीच्या काठाला दाजी चपला काढून दगडावर बसले होते. पाण्यावर फेस होता, नेहमीसारखा. मला बघून काहीच विचारलं नाही, बस म्हणाले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. कुणीतरी सोडलेला झेंडूचा हार वरून वाहत येत होता.

"तो खांब बघ. पाणी खांबाच्या दोन्ही बाजूंनी जातंय. हार कुठून जाईल?"

हार जरा घुटमळला आणि डाव्या बाजूनं निघून गेला.

"एकाच बाजूनं," दाजी म्हणाले. "पण कुठं जायचं ते त्याला दोन्हीकडच्या पाण्यानं मिळून सांगितलं. पुढे दोन्ही पाणी जिथं मिसळतं तिथं तो कसा वळला बघितलंस? लाटही खरी, कणही खरा. लाट रस्ता दाखवते, कण चालतो. म्हणून ठिपका एकाच जागी, आणि म्हणूनच पट्टे. आरशाचं कोडंही सुटतं. हार एकीकडेच जाणार, तर वाजणारही एकीकडेच. हे माझं डोकं नाही, मोठ्या लोकांनी म्हणून ठेवलंय. पोरीला फोन करून विचारलं, तिनं चार लेख पाठवले. महिनाभर तेच वाचतोय."

महिनाभर. म्हणजे ते रागावून बसले नव्हते. अभ्यास करत होते.

ते माझ्याकडे बघत होते. माझी मान सवयीनं हलायला लागली होती, ती मी थांबवली. दाजींना मी तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. अगदी कधीच.

"नाही पटलं," मी म्हणालो.

"काय नाही पटलं?"

"हार डावीकडून गेला. उजवीकडचं पाणीही पुढे गेलं, पण त्याच्यावर हार नाही. नुसती रिकामी लाट. तिचं पुढे काय होतं? तिच्यात काही जोर असेल, तर तो जातो कुठे? आणि तिच्यात काहीच नसेल, तिला कुठलंच यंत्र कधी पकडू शकत नसेल, तर ती आहे असं म्हणायचं तरी कशावरून?"

दाजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तिच्यावाचून पट्टे कसे पडतील? म्हणून आहे म्हणायचं."

"हे उत्तर नाही, दाजी. ही तडजोड झाली."

"ए! माझे शब्द मलाच ऐकवू नकोस!"

"मग उत्तर द्या."

"देतो ना! दम धर!" त्यांनी शेजारची काटकी उचलली आणि काठच्या ओल्या मातीत खांब काढला, खांबाच्या दोन्ही बाजूंना रेघा काढल्या, मग रागानं पायानं सगळं पुसून टाकलं आणि परत काढायला घेतलं. "चूक आहे तुझं. साफ चूक आहे. कुठं चूक आहे ते सांगतो." माझ्या मोबाइलवर आक्काचा फोन आला, पोहे निवतायत म्हणून. "येतो म्हणावं," दाजींनी वर न बघता सांगितलं. मी तसं सांगितलं, आणि चपला काढून त्यांच्या समोर मातीत बसलो.

"खांब चुकलाय," मी म्हणालो. "फटी दोन असायला हव्यात. द्या इकडे ती काटकी."

"नाही देत," दाजी म्हणाले. "तू तुझी शोध."